पसरणीचा घाट आणि १६५९ ची भेट

वाईहून पाचगणीस चढणाऱ्या पसरणीच्या घाटात ३० नोव्हेंबर १९५७ रोजी काळी निशाणे घेतलेल्या निदर्शकांची मोठी गर्दी झाली होती. त्या दिवशी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण व्हावयाचे होते. संयुक्त महाराष्ट्र समितीचा विरोध अर्थातच पुतळ्यास नव्हता. मुंबईसह महाराष्ट्राचे राज्य नाकारून द्वैभाषिक लादणाऱ्या केंद्रसत्तेस होता. तथापि राज्याच्या मागणीबरोबरच आणखी एक तक्रार त्या वेळी गाजत होती, आणि ती २९८ वर्षांपूर्वीच्या एका भेटीसंबंधी होती. नेहरूंनी तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या जगाच्या इतिहासावरील ग्रंथात अफझलखानाच्या वधास विश्वासघात म्हटले होते. पुढील आवृत्तीत तो मजकूर बदललाही गेला. दुरुस्त झालेले वाक्य इतक्या वर्षांनी पुन्हा जिवंत व्हावे, याचे कारण ग्रंथात नसून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत होते. उलट बाजूने पाहता, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात जबर पराभव पत्करल्यानंतर त्याच वर्षी काँग्रेसच्या सर्वोच्च नेत्याने प्रतापगडावर यावे, हेही निखळ इतिहासप्रेमाचे कृत्य म्हणता येत नाही.

विश्वासघाताचा हा आरोप नेहरूंचा स्वतःचा नव्हे. त्याचे वळण ग्रँट डफपासूनचे आहे. १८१८ पासून साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या या अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. भेटीत पहिला वार शिवाजीने केला, असे त्यात सांगितले आहे. पेशवाई बुडवून छत्रपतींना साताऱ्याच्या गादीवर बसविणाऱ्या सत्तेच्या नोकराने हा इतिहास लिहिला, ही गोष्ट विसरून चालत नाही; पण त्याने कागद जमविण्यासाठी घेतलेले श्रमही नाकारता येत नाहीत. त्याच्या ग्रंथाचे लवकरच मराठी भाषांतर झाले, आणि मराठी वाचकास आपल्या राजाचा सलग इतिहास प्रथम मिळाला तो या आरोपासह.

त्यास दिलेली उत्तरे मात्र काळाप्रमाणे बदलत गेली. जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवोत्सवात प्रा. भानू यांनी खानवधावर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानावरून टिळकांनी घेतलेली भूमिका आज वाचणारास चकित करील. शिवाजीने आधी बेत करून खानास मारले असे गृहीत धरले, तरीही स्वार्थरहित कृत्यास सामान्य नीतीचा दंडक लागू होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पहिला वार कोणाचा, हा प्रश्नच त्यांनी बाजूस सारला. उत्सवाचे वृत्त 'केसरी'त १५ जूनला छापले गेले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १६५९ ची एक भेट १८९७ च्या न्यायालयात पुराव्याचा भाग बनली होती.

त्याच टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, ही गोष्ट लोकस्मृतीत फारशी राहिलेली नाही. भोरजवळच्या कारी येथील देशमुखांच्या दप्तरातील ही कालानुक्रमिक नोंद शिवकालाच्या तिथी ठरविण्यास आधारभूत ठरली. १९२७ मध्ये परमानंदाचे 'शिवभारत' छापले गेले. खानाने आधी वार केला, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. सभासदाच्या बखरीचेही म्हणणे तेच. म्हणून १९५७ च्या टीकाकारास टिळकांच्या नीतिविचाराची गरज उरली नव्हती. तो थेट वस्तुस्थितीवरच बोट ठेवू शकत होता. आरोपाची बोच नसती, तर जुन्या घराण्यांची दप्तरे इतक्या तळमळीने धुंडाळली गेली असती काय, याची शंकाच वाटते.

परंतु कोणत्याही पक्षाने विचारला तरी प्रश्न शामियान्यातील एका क्षणापुरताच राहिला. या क्षणामागील वाई-जावळीचे राजकारण त्यामुळे अंधारात पडले. जावळी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून गेलेली. वाईची सुभेदारी पूर्वी खानाकडेच असलेली. आणि खानास साहाय्य करण्याविषयी मावळच्या देशमुखांना जून १६५९ मध्ये विजापूरची फर्माने सुटलेली. कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजीकडे राहिले, तर उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, आणि शिवाजीच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम. वतन, चाकरी आणि भरवसा यांच्या या गुंतागुंतीत कोणी कोणती बाजू का घेतली, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे. आणि सभेच्या व्यासपीठावर तो मांडणे कठीणच.

सप्टेंबर २००९ मध्ये, विधानसभा निवडणुकीस महिनाभर अवकाश असताना, गणेशोत्सवातील कमानीवर लावलेल्या खानवधाच्या चित्रावरून मिरजेत दंगल उसळली आणि तिचे लोण सांगली-कोल्हापूर भागात पसरले. १० नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे भेटीच्याच तारखेस, प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेल्या खानाच्या कबरीभोवतीची अनधिकृत बांधकामे प्रशासनाने पोलिसांच्या कडक बंदोबस्तात पाडली. मिरजेच्या कमानीवर खान होता, शिवाजी होता. आपल्या मुलांसह राजगडावर जाऊन वतनावर पाणी सोडणारे कान्होजी तेथे नव्हते, आणि खोपडेही नव्हते.