सोलून निघणारा रंग

गाडीच्या अलॉय व्हीलच्या कडेला नख घालायचं, थोडीशी कड सुटली की ती चिमटीत धरायची आणि सावकाश ओढायचं. चाकावरचा काळा रंग अख्खाच्या अख्खा हातात येतो! रबराचा मऊ पापुद्राच तो. आणि खालून मूळचं चंदेरी चाक जसंच्या तसं बाहेर येतं. त्यावर ना ओरखडा, ना डाग.

आता गंमत बघा मित्रांनो. हाच रंग कित्येक महिने पाऊस झेलत होता, चिखल झेलत होता, खड्ड्यांतून आपटत होता. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीचं चाक मिनिटाला साधारण 500 फेरे घेतं. एवढ्या गरगरण्यात जो रंग निसटला नाही, तो तुमच्या दोन बोटांपुढे एवढ्यात कसा काय हरला?

आधी हा रंग आला कुठून ते सांगते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका कंपनीने 1972 साली ‘प्लास्टी डिप’ नावाचं एक दाट द्रव्य बाजारात आणलं. तेव्हा त्याचा चाकांशी काही संबंध नव्हता. पक्कड, पाने अशा हत्यारांच्या मुठी त्यात बुडवायच्या आणि वाळवायच्या, की मुठीवर रबराचं आवरण तयार. मग हात घसरत नाही. पुढे हेच द्रव्य स्प्रेच्या डब्यातून मिळू लागलं आणि गाड्यांची हौस असलेल्या माणसांना नवीनच कल्पना सुचली. चाकांचा रंग बदलायचा, पण कायमचा नाही. कंटाळा आला की सोलून टाकायचा! असे डबे आता आपल्याकडेही मिळतात.

डबा हलवला की आत खडखड वाजतं. तळाशी बसलेला रंग ढवळायला आत एक छोटी गोळी सोडलेली असते, तिचा तो आवाज. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एडवर्ड सीमोर यांनी 1949 साली पहिल्यांदा रंग असा डब्यात भरला. अशा डब्यांत रंगासोबत पुष्कळदा प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबून, द्रव करून भरतात. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही तेच असतात. बटण दाबलं की या द्रवाची झटकन वाफ होते आणि ती रंगाचे बारीक बारीक तुषार उडवते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती डब्यातूनच ओढली जाते. म्हणून फवारता फवारता डबा हाताला गार लागतो.

पण रबर तर घट्ट. ते फवारायचं कसं? विरघळवून! ही युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे. ग्लासगो शहरात चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेल्या नॅफ्था नावाच्या तेलात रबर विरघळवलं, तो लेप दोन कापडांच्या मधे लावला आणि 1823 साली पावसात न भिजणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. स्प्रेच्या डब्यातही तसंच आहे. कृत्रिम रबर विरघळवणारी द्रावकं त्यात असतात. ती चाकावर पडल्यावर भराभर उडून जातात आणि रबर तेवढं मागे राहतं. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. द्रावक उडून गेलं की या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्यांचा एक सलग, ताणता येणारा पापुद्रा बनतो.

चाकाभोवतीचा टायरही रबराचाच, नाही का? मग दोघांवर पेट्रोल सांडलं तर? पापुद्रा चिकट होऊन खराब होतो, टायर मात्र विरघळत नाही. कारण टायरचं रबर गंधकाबरोबर तापवलेलं असतं. 1839 साली चार्ल्स गुडइयर यांना ही किमया सापडली. गंधक रबराच्या साखळ्यांना जागोजागी पक्क्या गाठी मारतं. आपल्या पापुद्र्यात अशा गाठी नाहीत, साखळ्या नुसत्या गुंतलेल्या. हे लक्षात ठेवा, पुढे याचीच एक भन्नाट गंमत येणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पापुद्र्याच्या दोन पकडी असतात. एक चाकावरची आणि एक स्वतःची स्वतःवरची. चाकावरची पकड येते रेणूंमधल्या अगदी हलक्या ओढीतून. ही ओढ फार जवळून, इतकी जवळून की डोळ्यांना कधी दिसणार नाही एवढ्या अंतरावरूनच, काम करते. पाल भिंतीवर चढते तीही मुख्यतः याच ओढीच्या जोरावर. द्रव रंग चाकाच्या कणाकणाला टेकतो, म्हणून वाळल्यावर तो सगळीकडून धरून राहतो. स्वतःची पकड मात्र याहून जास्त. त्यामुळे तुम्ही ओढलं की पापुद्रा फाटायच्या आधी चाकावरून सुटतो. कारखान्यात केलेला रंग याच्या उलट असतो. तो धातूला इतका घट्ट बसतो की नखाने काढू गेलात तर नखच तुटेल.

आणि वारा-पाऊस हरतो, बोटं जिंकतात ती का? वारा, पाणी, चाकाचं फिरणं यांचा जोर सगळ्या पापुद्र्यावर पसरतो. प्रत्येक जागेच्या वाट्याला थोडासाच येतो. तुम्ही कड धरून ओढता तेव्हा मात्र सगळा जोर एका बारीक रेषेवर पडतो, जिथे पापुद्रा चाकापासून सुटतोय तिथे. ती रेषा हरते, मग तिच्या पुढची, मग तिच्याही पुढची. म्हणजे तुम्ही एकाच वेळी सगळ्या पापुद्र्याशी लढतच नाही! मला तर या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत सुंदर वाटतं.

घरी हे काम करणाऱ्यांना या दोन पकडी सांभाळाव्या लागतात. नेहमीच्या रंगकामात पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून खरखरीत करतात, त्यावर प्रायमर लावतात, म्हणजे रंग खाचाखोचांत शिरून घट्ट बसतो. इथे घासायचं नाही, प्रायमरही नाही. फक्त चाक स्वच्छ, अगदी स्वच्छ धुवायचं. ब्रेक लागतो तेव्हा डिस्क आणि पॅड झिजून बारीक काळी पूड उडते आणि चाकावर बसते. ती पूड किंवा तेलाचा थेंब राहिला, तर तिथे रंग पुडीला चिकटतो, चाकाला नाही. मग नको तेव्हाच फुगा येतो.

टायरवर रंग उडू नये म्हणून रिम आणि टायरच्या मधल्या फटीत काय खोचतात सांगा? पत्ते! एखादं पान हरवल्यामुळे निकामी झालेला कॅट इथे मस्त उपयोगी पडतो. पत्ते गोलाकार खोचले की टायर झाकला जातो.

रंगाचा पहिला हात अगदी हलका, खालचं चाक अजून दिसत राहील इतका. एकदम जाड फवारलं तर रंग ओघळतो. शिवाय वरचा थर आधी सुकतो, आतलं द्रावक कोंडतं आणि बुडबुडे येतात. म्हणून एक हात वाळू द्यायचा, मग दुसरा, असे चार-पाच हात. पण हात कमीही नकोत. थर पातळ राहिला तर पापुद्र्याची स्वतःची पकड कमी पडते आणि सोलताना त्याचे तुकडे तुकडे होतात. आपल्या पावसाळ्यात हे काम काढूच नये. द्रावक उडताना रंग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते.

एका जागी मात्र हा रंग चुकूनही जाता कामा नये. ती जागा म्हणजे ब्रेक. पॅड डिस्कला घासतं तेव्हाच गाडी थांबते. मधे रबराचा थर आला तर ब्रेक नीट लागणार नाही. त्यामुळे चाक उतरवून रंगवणं उत्तम, आणि नाहीच उतरवलं तर डिस्क, पॅड सगळं झाकूनच डबा हातात घ्यावा.

आता ती राखून ठेवलेली गंमत. समजा थर पातळ पडला किंवा उन्हाने जुना होऊन सोलताना तुटू लागला. मग काय करायचं? त्याच्यावर आणखी रंग फवारायचा! काढायच्या रंगावर आणखी रंग, हे ऐकायला उलटंच वाटतं. पण जुन्या साखळ्यांना गाठी नाहीत हे आठवतंय ना? नव्या थरातलं द्रावक जुन्या थराला मऊ करतं, दोन्हींच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि वाळल्यावर एकच जाड पापुद्रा होतो. तो मग अख्खा निघतो.

स्प्रेचा डबा मात्र मोठ्यांनीच हाताळायचा. त्यातला गॅस आणि द्रावकं पटकन पेट घेतात, वाफेने डोकं दुखतं, गरगरतं. म्हणून काम मोकळ्या हवेत आणि मास्क लावूनच करावं, जवळपास शेगडी किंवा काडेपेटी नको. डबा उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत विसरू नये. त्यावरच्या सूचनाही वाचा. 50 अंशांपेक्षा जास्त तापमानात डबा ठेवू नका, असं बहुतेक डब्यांवर छापलेलं असतं.

तुमच्यासाठी याच शास्त्राचा बिनधोक प्रयोग आहे. प्लास्टिकच्या डब्यांची तीन जुनी, गुळगुळीत झाकणं घ्या. एकावर फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात द्या, दुसऱ्यावर जाड थर द्या. तिसरं झाकण आधी पॉलिश पेपरने घासा आणि मग त्यावरही तेवढाच जाड थर द्या. इथे द्रावकाच्या जागी पाणी उडून जातं, म्हणून झाकणं पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवा. थर पारदर्शक झाला की वाळला. मग कड सोडवून तिन्ही सोला. कोणता अख्खा निघाला, कोणता फाटला, कोणता हटूनच बसला, आणि का, हे वहीत लिहा आणि आम्हाला पत्राने नक्की कळवा.