गांधीलमाशीच्या पोटातले विषाणू

हरभऱ्यावर एचएएनपीव्ही हा विषाणू फवारणाऱ्या शेतकऱ्याला तो काय करतो हे सांगावं लागत नाही. घाटेअळी फांदीला उलटी लटकून मरते आणि तिच्या फुटलेल्या अंगातून विषाणू आणखी पसरतो. त्याच शेतात कॅम्पोलेटिस नावाची बारीक गांधीलमाशी लहान घाटेअळीच्या अंगात अंडं घालते. अंड्यासोबत माशीच्या अंडाशयातले विषाणूही आत जातात. इथून गैरसमज सुरू होतात.

‘माशीला रोग झालाय.’ नाही. या विषाणूंची जनुकं माशीच्या गुणसूत्रांतच बसलेली असतात आणि वारशाने पुढे जातात. विषाणूचे कण तयार होतात ते फक्त मादीच्या अंडाशयाच्या एका भागात.

‘विषाणू अळीला मारतात.’ मारतं ते माशीचं पिल्लू, आतून खाऊन. पण त्यासाठी आधी अंडं वाचायला हवं. परकं अंडं दिसताच अळीच्या रक्तपेशी त्याला चिकटतात, थरावर थर चढवतात आणि आतला जीव संपवतात. 1981 साली संशोधकांनी माशीची अंडी धुऊन अळीत सोडली, तेव्हा हेच झालं. सोबत शुद्ध केलेले विषाणू टोचले, तेव्हा मात्र अंडी वाचली.

‘अळीत ते वाढत असणारच.’ एचएएनपीव्ही वाढतो, हे वाढत नाहीत. त्यांच्या कवचात भरलेली जनुकं अळीचा प्रतिकार मोडायला पुरतात. कवच बांधायची जनुकं माशीकडेच राहतात. मग यांना विषाणू तरी का म्हणायचं? हा वाद जुना आहे. मला विचाराल तर हे आता माशीचं हत्यारच आहे. ब्रॅकोनिड कुळातल्या काही माशांकडे ते सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी न्यूडिव्हायरस गटातल्या एका विषाणूपासून आलं. 2009 मध्ये त्याचे जनुकीय पुरावे मिळाले. कॅम्पोलेटिसच्या इक्न्युमोनिड कुळातल्या माशांच्या विषाणूंचं मूळ वेगळं. म्हणजे हा डाव एकदाच जमून गेला असंही नाही.

‘विषाणू कायम माशीच्याच बाजूचे.’ तसंही नाही. लेप्टोपिलिना बोलार्डी ही फळमाशीच्या अळीत अंडं घालणारी गांधीलमाशी. तिच्यातला एक विषाणू तिला आधीच अंडं असलेल्या अळीतही पुन्हा अंडं घालायला लावतो. एका अळीतून एकच पिल्लू जगतं, त्यामुळे माशीचं अंडं बहुधा वाया जातं. विषाणू मात्र दुसऱ्या माशीच्या पिल्लात शिरतो.

हरभऱ्याच्या पानावर घाटेअळीच्या वाळक्या कातडीशेजारी बारीक कोष दिसला, तर किडीचा समजून चुरडू नका. तो कॅम्पोलेटिसचा असू शकतो.