दाभोळचा करार आणि तो वाचणारी माणसे

दाभोळ वीज प्रकल्प रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदीच्या मुखाशी आहे. दाभोळ हे जुने बंदर खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प मात्र उभा राहिला तो दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या हद्दीत. एन्रॉन या अमेरिकी कंपनीने जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांना भागीदार घेऊन तो आणला आणि त्यासाठी ‘दाभोळ पॉवर कंपनी’ स्थापन केली. त्या काळी भारतात आलेली ही सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक मानली जात होती. राज्य सरकार, केंद्र सरकार, वीज मंडळ, केंद्रीय वीज प्राधिकरण, बँका आणि न्यायालये या सगळ्यांच्या हाताखालून हा प्रकल्प गेला आणि पुढे गेला. त्याविषयी शंका घेणाऱ्यांना प्रगतीचे विरोधक म्हटले गेले. आठ-नऊ वर्षांनी सरकारनेच नेमलेल्या समितीने त्यांतल्या बहुतेक शंका खऱ्या ठरवल्या.

१९९१च्या आर्थिक धोरणानंतर केंद्राने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. गुंतवणूकदारांसाठी भांडवलावर १६ टक्के परताव्याची तरतूद होती आणि काही निवडक प्रकल्पांना झटपट मंजुरी देण्याचे ठरले होते. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे पथक भारतात आले आणि काही दिवसांतच, २० जूनला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने कंपनीशी सामंजस्य करार केला. निविदा मागवल्या नव्हत्या, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा भाव समोर ठेवून हा भाव पारखून पाहण्याची सोयच उरली नाही. ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. दोन टप्प्यांत मिळून २,०१५ मेगावॉटचा प्रकल्प आणि सुमारे नऊ हजार कोटी रुपये खर्च असा तो आराखडा होता.

पहिली मोठी शंका आली ती जागतिक बँकेकडून. एप्रिल १९९३ मध्ये बँकेने प्रकल्पाला कर्ज नाकारले. आयात केलेल्या द्रवरूप वायूवरची वीज महाग पडेल, ती घ्यावी म्हणून मंडळाला आपली कोळशावरची स्वस्त वीज कमी करावी लागेल आणि मंडळाची आर्थिक घडी विस्कटेल, असे तिचे म्हणणे होते. उदारीकरणाचा सल्ला देणारी हीच संस्था होती. तिला परकीय भांडवलाचे वावडे असण्याचे कारण नव्हते. तिचा नकार म्हणूनच गांभीर्याने घ्यायला हवा होता. तो बाजूला ठेवला गेला.

दुसरी शंका पुण्यात आकार घेत होती. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे हे ‘प्रयास’ संस्थेतले अभ्यासक. हजारो कोटींचा बोजा ज्यांच्या बिलात उतरणार होता त्या ग्राहकांना करार पाहायलाही मिळत नव्हता, अशा काळात त्यांनी त्याची कलमे आणि सूत्रे सोडवली आणि १९९५ मध्ये आपले विश्लेषण प्रसिद्ध केले. वीज महाग आहे एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. ती महाग का होणार आणि कोणत्या कलमामुळे होणार, हे त्यांनी दाखवले.

त्यातली मुख्य गोष्ट समजायला अवघड नाही. करारातल्या दराचे दोन भाग होते. एक स्थिर आकार, म्हणजे भांडवलाचा परतावा, कर्जफेड आणि देखभाल यांसाठीची रक्कम, दुसरा इंधनाचा. वीजकेंद्र वीज द्यायला तयार आहे, एवढे कंपनीने सांगितले की मंडळाने वीज उचलो वा न उचलो, स्थिर आकार द्यावाच लागे. समजा, हा आकार महिन्याला शंभर कोटी रुपये आहे. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा धरला, तर नव्वद टक्के क्षमतेने चालून तो महिन्याला सुमारे ४८ कोटी युनिट वीज देईल. मग स्थिर आकार युनिटमागे साधारण दोन रुपये आठ पैसे पडतो. मागणी नसल्याने मंडळाने सोळा कोटीच युनिट घेतले, तर तोच आकार सव्वासहा रुपयांवर जातो, आणि इंधनाचा खर्च त्याच्यावर वेगळा. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण यंत्रणा हीच होती. मागणी फुगवून धरली होती. अंदाज चुकला तर सगळी किंमत मंडळाच्या माथी यायची, कंपनीला त्याची झळ लागायची नाही. भर म्हणजे देणे डॉलरशी बांधलेले. रुपया घसरला की वीज महाग, जगात तेल भडकले की वीज महाग. एवढे करून मंडळ पैसे देऊ शकले नाही तर राज्याची हमी आणि राज्यही कमी पडले तर केंद्राची प्रतिहमी होतीच.

एवढी उघड गोष्ट इतक्या कार्यालयांतून सुटली कशी? मंजुरी देणाऱ्या प्रत्येक संस्थेने दुसऱ्या संस्थेच्या सहीवर विसंबून आपली सही केली, हे त्याचे खरे उत्तर आहे. दराची छाननी अर्थ मंत्रालयाच्या पातळीवर झाली आहे, असे धरून केंद्रीय वीज प्राधिकरण पुढे गेले. केंद्राची मंजुरी आहे म्हणून राज्य पुढे गेले. दोन्ही सरकारांची हमी आहे म्हणून आयडीबीआय, स्टेट बँक यांसारख्या वित्तसंस्थांनी कर्जे दिली. कागदावर मंजुऱ्यांची रांग भक्कम दिसत होती. मुळातला हिशोब कोणीतरी केला असेल, असे रांगेतला प्रत्येकजण समजून चालला होता.

राजकारणाने या शंकेचा उपयोग करून घेतला आणि मग ती सोडून दिली. १९९५च्या विधानसभा निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली आणि शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. गोपीनाथ मुंडे यांच्या उपसमितीने करारातले दोष मांडले आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याची घोषणा केली. राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयातही गेले आणि हा करार फसवणूक व गैरमार्गाने झाल्याचे त्याने म्हटले. त्यानंतर काही महिन्यांतच एन्रॉनच्या रिबेका मार्क यांची बाळासाहेब ठाकरे यांच्याशी भेट झाली, वाटाघाटी सुरू झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प पुन्हा जिवंत झाला. दर थोडा खाली आला, भांडवली खर्च कमी दाखवला गेला. पण क्षमता २,१८४ मेगावॉटवर गेली आणि आधी मंडळाच्या इच्छेवर असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला. बोजा कमी करण्यासाठी बसलेली माणसे तो वाढवून उठली. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अक्षम्य गोष्ट हीच म्हणावी लागेल, कारण तोपर्यंत दोष लेखी स्वरूपात सरकारच्याच दप्तरात होते. मे १९९६ मध्ये वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता केंद्राच्या प्रतिहमीला मान्यता दिली. सिटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फेटाळली.

गुहागरच्या गावांतली शंका वेगळ्या जातीची होती. तिथल्या लोकांपुढे युनिटच्या दराचा प्रश्न नव्हता. खाडीत गरम पाणी सोडले तर मासळीचे काय, आंब्या-काजूच्या कलमांचे काय, पिण्याचे पाणी कुठून यायचे, जमिनीचा मोबदला कोण ठरवणार, हे त्यांचे प्रश्न होते. उत्तर म्हणून जमावबंदीचे हुकूम आले, राज्य राखीव पोलीस दल आले. ३ जून १९९७च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले आणि घराघरांतून बायकांना ओढून, मारहाण करून घेऊन गेले. पुरुषांतले बरेचजण त्या वेळी समुद्रावर होते. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी त्यावर अहवाल काढला. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९च्या अहवालात कंपनीला या दडपशाहीत सामील ठरवले. आंदोलकांवर धाडल्या जाणाऱ्या पोलिसांच्या बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती, हे त्यामागचे एक कारण होते. शंकेला उत्तर देण्याऐवजी शंका घेणाऱ्यांना तुरुंगात टाकणे ही राज्याची रीत झाली होती, आणि अंजनवेल-वेलदूरच्या माणसांनी तिची किंमत मोजली.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. वायूचे टर्मिनल अजून बांधून झाले नव्हते, म्हणून तो महागड्या नाफ्थ्यावर चालला. पुढच्या वर्षी तेलाचे भाव चढले, रुपया उतरला, मंडळाने वीज कमी उचलली आणि पुण्याच्या अभ्यासकांनी मांडलेली आकडेमोड बिलावर दिसू लागली. २०००च्या अखेरीला काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्या वर पडली. मंडळ ग्राहकांना सरासरी ज्या दराने वीज विकत होते त्याच्या दुपटीहून हे जास्त होते. मंडळाची देणी थकली आणि कंपनीने आधी राज्याची हमी, मग केंद्राची प्रतिहमी वापरायला काढली.

याच सुमारास मंडळाच्या अभियंत्यांनीही करार नीट वाचला. थंड स्थितीतून तीन तासांत केंद्र पूर्ण क्षमतेला नेण्याचे वचन कंपनीने दिले होते. २८ जानेवारी २००१ रोजी मंडळाने तशी मागणी नोंदवली आणि केंद्र वेळेत चढले नाही. मंडळाने ४०१ कोटी रुपयांची दंडवजा आकारणी केली. ज्या कागदाने मंडळाला बांधले होते त्याच्यातच कंपनीलाही बांधणारी कलमे होती. ती वापरायला सात वर्षे लागली.

फेब्रुवारी २००१ मध्ये राज्याने माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दीपक पारेख, राजेंद्र पचौरी, ई. ए. एस. सर्मा आणि किरीट पारीख हे सदस्य होते. मागणीचे फुगवलेले अंदाज, स्पर्धेचा अभाव, न झालेली छाननी, न परवडणारा दर हे सगळे या अहवालात आले आणि एकामागून एक आलेल्या सरकारांच्या कारभाराचे अपयश त्यात स्पष्ट नोंदले गेले. मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडला आणि वीजकेंद्र बंद पडले. दुसरा टप्पा बांधून होत आला होता, तो तसाच राहिला. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या हिशोबांवर वॉल स्ट्रीटने आणि नामांकित लेखापालांनी वर्षानुवर्षे विश्वास ठेवला होता.

शंका घेणाऱ्यांचे दुसरे काम कमी गाजले, पण टिकले. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि दरवाढीवर जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. त्यांत प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत आणि इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांच्यासारखे ग्राहक प्रतिनिधी मंडळाचे आकडे घेऊन उभे राहिले. मंडळ आपली वीजगळती पंधरा-अठरा टक्क्यांच्या घरात सांगत आले होते. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या खात्यावर किती वीज टाकली जाते, हे खोदून विचारल्यावर खरी गळती तिशीच्या आसपास असल्याचे उघड झाले. शेतकऱ्याच्या नावावर चोरी आणि ढिसाळपणा खपत होता. विद्युत कायदा २००३ ने दराचा अर्ज प्रसिद्ध करणे आणि लोकांच्या हरकती ऐकणे सगळ्या देशात बंधनकारक केले.

प्रकल्प २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ या नव्या कंपनीकडे गेला आणि पुढच्या वर्षी चालू झाला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटल्यावर तो पुन्हा बंद पडला. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी त्याचा काही भाग सुरू झाला. वायूच्या टर्मिनलला लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने पावसाळ्यात तिथे जहाजे लागू शकत नसत, म्हणून तेही वर्षानुवर्षे अर्धेच वापरात राहिले. जबाबदारी निश्चित करण्यासाठी राज्याने नेमलेला निवृत्त न्यायमूर्ती कुर्डूकर यांचा आयोग केंद्र-राज्य वादात अडकला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, इतका काळ लोटल्याचे कारण देऊन, ते प्रकरण बंद केले.