सतरा सामने, अकरा बळी

आयपीएलच्या लिलावाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात संघांना गुण वाटलेले असतात. मुंबईला दहापैकी साडेसात, चेन्नईला आठ, पंजाबला सहा. ज्या पोरांनी अजून त्या संघाची जर्सी अंगात घातलेली नाही, त्यांच्या नावावर हे गुण! आम्हा नांदेड-लातूरवाल्यांना हा प्रकार नवा नाही. नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्युशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगरात रातोरात फ्लेक्स चढतात, हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली मार्क. ती मुलं पुढे डॉक्टर झाली का, झाली तर कशी झाली, याचा फ्लेक्स मी आजवर पाहिलेला नाही. परीक्षेत भरघोस मार्क मिळवून देणारा अभ्यासाचा लातूर पॅटर्न राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात आकाराला आला. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं, तेव्हा तेच पहिले कुलगुरू झाले. त्यांच्यासारखी माणसं सोडली तर निकालानंतरच्या दहा वर्षांचा विचार करणारे आपल्याकडे थोडेच.

मी गेली अनेक वर्षं एक वही ठेवतो. मुंबई इंडियन्सने कोणता अनोळखी पोरगा किती पैशांत घेतला आणि पुढे त्याचं काय झालं, याची ती वही. रोहित शर्मा, पोलार्ड, मलिंगा यांना त्यात जागा नाही. ती नावं कुणीही निवडली असती. मला रस आहे तो भारताकडून न खेळलेल्या पोरांत. लातूरचे माझे एक स्नेही भौतिकशास्त्र शिकवतात. माझ्या वहीत डोकावून ते म्हणाले, “अरे, गुणपत्रिका एवढ्यात कशाला लिहायलास? प्रयोग अजून चालूच आहे की!” तेव्हापासून पाच वर्षं झाल्याशिवाय मी शेरा लिहीत नाही.

हा नियम पक्का झाला तो बुमराहमुळे. आता थोडं सविस्तर सांगू द्या, कारण या विषयातलं माझं सगळं वेड या एका माणसाभोवती फिरतं. २०१३ साली अहमदाबादला मुश्ताक अली स्पर्धेत मुंबईचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन राइट यांनी गुजरातच्या एका वाकड्यातिकड्या ॲक्शनच्या पोराला पाहिलं आणि मुंबईने त्याला उचललं. ४ एप्रिल २०१३ ला पहिला सामना, बंगळूरविरुद्ध. ३२ धावांत तीन बळी, आणि त्यातला पहिला विराट कोहली. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढचं कुणी सांगत नाही. त्या मोसमात बुमराह दोनच सामने खेळला. २०१४ मध्ये अकरा सामने खेळून पाच बळी घेतले. २०१५ मध्ये चार सामने, तीन बळी. तीन मोसमांत मिळून सतरा सामने आणि अकरा बळी. २०१५ च्या मे महिन्यात कुणी मुंबईच्या २०१३ च्या निवडींचा निकाल लावला असता, तर बुमराहच्या नावापुढे लाल शाईने ‘नापास’ लिहिलं असतं आणि आकडे त्याच्या बाजूने उभे राहिले असते. जानेवारी २०१६ मध्ये तो भारताकडून खेळला. त्यानंतरचं जगाला माहीत आहे.

मुंबईने त्याला सोडलं नाही, ही यातली गोम. पारख करणं ही एक कला. पारखलेला माणूस तीन वर्षं आकडे खराब असताना सांभाळणं ही दुसरी, आणि ती जास्त अवघड. मुंबई या दुसऱ्या परीक्षेत नेहमी पास झालेली नाही. युझवेंद्र चहल २०११ पासून मुंबईकडे होता. २०११ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने ९ धावांत दोन बळी घेतले. आयपीएलमध्ये मात्र मुंबईने त्याला एकच सामना दिला. २०१४ साली बंगळूरने त्याला दहा लाखांत नेलं, आणि आयपीएलमध्ये दोनशे बळी घेणारा तो पहिला गोलंदाज ठरला. अक्षर पटेल २०१३ मध्ये मुंबईच्या संघात होता. एकही सामना न खेळता गेला आणि पुढच्याच वर्षी पंजाबकडून मोसमातला सर्वोत्तम नवोदित झाला. सूर्यकुमार यादव तर चेंबूरचा, घरचाच. २०१२ मध्ये त्याला एक सामना मिळाला, त्यात शून्य. मग तो कोलकात्याला गेला, तिथे चार मोसम खेळला, आणि २०१८ साली मुंबईने तोच माणूस ३.२ कोटींना परत आणला. त्या मोसमात त्याने ५१२ धावा केल्या. माझ्या वहीत सूर्यकुमारचं नाव दोनदा आहे, एकदा तोट्याच्या पानावर आणि एकदा नफ्याच्या. हे गणित कसं मांडायचं यावर आमच्या घरात वाद झालेले आहेत.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, ती उरकतो. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने, ठरलेल्या रकमेत खेळाडू निवडणं. लिलाव म्हणजे ज्याच्या खिशात जास्त, त्याचा माल. आयपीएल लिलावावर चालते, पण २००८ साली एकदाच एकोणीस वर्षांखालील पोरांचा खराखुरा ड्राफ्ट झाला होता. २ मार्चला क्वालालंपूरमध्ये भारताने युवा विश्वचषक जिंकला आणि काही दिवसांतच ही पोरं संघांमध्ये वाटली गेली.

त्या ड्राफ्टचा निकाल आज लावायला घ्या, मजा येते. दिल्लीची पाळी आधी होती. समोर दिल्लीचाच विराट कोहली. फलंदाज भरपूर आहेत म्हणून त्यांनी डावखुरा गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला आणि कोहली बंगळूरला गेला. यावर दिल्लीला आजवर हसलं जातं. पण चषक मोजायचे ठरवले तर? सांगवान २०२२ साली गुजरातच्या विजेत्या संघात होता. कोहलीच्या हाती पहिला आयपीएल चषक आला तो ३ जून २०२५ ला. म्हणून चषक हे माप मी वापरत नाही. रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. मनीष पांडे मुंबईकडे आला. पुढच्या वर्षी तो बंगळूरला गेला आणि तिथे आयपीएलमध्ये शतक करणारा पहिला भारतीय ठरला. (मुंबईची तोट्याची पानं तिथूनच सुरू होतात.) त्या विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे २६२ धावा केल्या तन्मय श्रीवास्तवने. अंतिम सामन्याचा मानकरी होता अजितेश अरगल. दोघांनाही पंजाबने घेतलं. दोघंही आता पंच आहेत. सर्वाधिक धावा आणि अंतिम सामन्याचा मानकरी, अशी जोडी निवडणाऱ्याला त्या दिवशी दहापैकी दहा मिळाले असते.

हे शास्त्र म्हणून कुणी जोपासलं असेल तर अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी. तिथे शाळा-कॉलेजच्या हौशी पोरांचा ड्राफ्ट १९६५ पासून दरवर्षी होतो. एकेकाळी पन्नास-साठ फेऱ्याही होत, आता वीस होतात. १९६६ साली न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने पहिल्या क्रमांकावर स्टीव्ह चिलकॉट हा पोरगा निवडला. तो मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला रेजी जॅक्सन त्या खेळातलं दैवत झाला. २००९ साली माइक ट्राउटचा नंबर पंचविसावा होता. गंमत म्हणजे त्याला घेणाऱ्या एंजल्स संघाकडे चोविसावी निवडही होती, आणि ती त्यांनी दुसऱ्याच पोरावर खर्च केली. त्यांनाही पुरतं कळलेलं नव्हतंच! माइक पियाझा १९८८ साली बासष्टाव्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर गेला, तोही वडिलांची ओळख होती म्हणून. २०१६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. वशिला कधी कधी फळतो, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको.

पण बेसबॉलमध्ये निवडलेला पोरगा खालच्या लीगमध्ये तीन-चार वर्षं घासला जातो. तिथे त्याला सामने मिळतात, चुका करायला जागा मिळते. आयपीएलला असं खालचं घर नाही. निवड झाली की दोन महिने डगआउटमध्ये बसायचं आणि मग घरी. मुंबईने २०२२ मध्ये आपल्या तरुण पोरांना इंग्लंडला सराव सामन्यांसाठी नेलं, ते मला म्हणूनच फार शहाणपणाचं वाटलं. त्या मोसमात मुंबई तळाला होती. निवडीच्या दृष्टीने मात्र ते चांगलं वर्ष होतं, कारण १.७ कोटींना घेतलेल्या तिलक वर्माने पहिल्याच मोसमात ३९७ धावा केल्या.

आता आमच्या मुलखातली पानं. डिसेंबर २०१९ च्या लिलावात मुंबईने अंबाजोगाईच्या दिग्विजय देशमुखला २० लाखांत घेतलं. लातूरहून गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावरचं गाव, निजामाच्या काळात मोमिनाबाद नावाची छावणी. गावात विचारलं तर लोक आधी सिनेमा सांगतात, कारण २०१३ च्या ‘काय पो छे’मधला क्रिकेट खेळणारा अली तोच. म्हणजे पडद्यावर ज्याला प्रशिक्षक शोधून काढतो, त्याला सहा-सात वर्षांनी खऱ्या संघाने शोधलं. २०२० चा मोसम अमिरातीत झाला, मुंबई जिंकली, दिग्विजयला एकही सामना मिळाला नाही. याला फसलेली निवड म्हणायचं का? माझ्या मते नाही. २० लाखांत संघाने सराव पाहिला आणि ठरवलं. खर्च झाला तो पोराच्या एका उमेदीच्या वर्षाचा, आणि त्याचा रकाना कुठल्याच संघाच्या हिशेबात नसतो.

जालन्याचा विजय झोल आसामविरुद्ध कूचबिहार करंडकात नाबाद ४५१ करून आला. २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. बंगळूरने त्याला घेतलं आणि बहुतेक वेळ बाकावर बसवलं. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला २०२२ मध्ये चेन्नईने दीड कोटी दिले. पहिलं वर्ष बाकावर. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादला पहिल्याच सामन्यात ३६ धावांत तीन बळी. बुमराहच्या पहिल्या सामन्याचे आकडे परत वर जाऊन पाहा. पण बुमराहला पुढच्या मोसमांत सामने मिळत गेले आणि राजवर्धन त्या मोसमात जेमतेम आणखी एकदा दिसला. बीडचा सचिन धस २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत, भारत ४ बाद ३२ असताना उभा राहिला आणि ९६ करून गेला.

पोरं निवडण्याचा आणि सांभाळण्याचा विषय आला की मला कुस्ती आठवते, आणि लातूरचा विषय निघाल्यावर ती टाळता येत नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूरलाच महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रकुल सुवर्ण घेऊन आले. मग पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत बिराजदार मामांनी पोरं घडवली. त्यांचे पठ्ठे काका पवार, तेही लातूर जिल्ह्यातले, पुढे स्वतः वस्ताद झाले. त्यांच्या तालमीतून बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे निघाला. जानेवारी २०२० च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले, दोघंही काकांचेच. सदगीर ३-२ ने जिंकला आणि हरलेल्या शैलेशला त्याने खांद्यावर घेतलं. वस्तादाने त्या दिवशी कोणाला चुकीचं निवडलं म्हणायचं? तालमीत पोरगा वर्षानुवर्षं राहतो, त्याच्या खुराकाची, दुखापतीची, मनाची खबर वस्तादाला असते. फ्रँचायझीच्या पारखी लोकांना चार षटकं दिसतात. मुंबईच्या पारखी लोकांनी त्या चार षटकांत बुमराह ओळखला, याचं मला आजही नवल वाटतं.

वहीतलं शेवटचं पान २०२५ चं आहे. मलप्पुरमचा विघ्नेश पुथुर केरळच्या वरिष्ठ संघातून न खेळताच ३० लाखांत मुंबईकडे आला आणि पहिल्या सामन्यात चेन्नईचे तीन बळी घेऊन गेला. अश्वनी कुमारही ३० लाखांचाच. कोलकात्याविरुद्ध पदार्पणात २४ धावांत चार बळी. टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी त्याच रात्री मुंबईच्या पारखी नजरेचे गोडवे गायले. दोघांच्या नावापुढचा शेऱ्याचा रकाना मी २०३० पर्यंत कोरा ठेवणार आहे. तिलक वर्माला मात्र २०२७ पर्यंत थांबायला लावणं मला जमलं नाही. त्याच्यापुढे टिकमार्क करून टाकली आहे, पेन्सिलने.