गांधीविचाराचा पेपर गेला, लॉगबुक आलं

नीटचा कटऑफ, प्रवेशाच्या फेऱ्या, मॅनेजमेंट कोट्याचे आकडे यांवर भरपूर छापून झालं. एमबीबीएसची नवी बॅच कॉलेजात येईल तेव्हा वेळापत्रकात नीतिमूल्यं, संवाद, सहवेदना असे तासही दिसतील. याचा आनंद व्हायला हवा. होतो, पण निम्माच.

कारण वर्ध्याजवळ हे सगळं फार आधी सुरू झालं होतं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. तिथल्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीबरोबर गांधीविचाराचाही पेपर असायचा. प्रवेश मिळाला की पहिला पंधरवडा आश्रमात: सूतकताई, श्रमदान, प्रार्थना. मग प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायचं. विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं. घरात पाणी कोण भरतं, आजारी बाईला दवाखान्यात न्यायचं की नाही हे कोण ठरवतं, हे पुस्तकात सापडत नाही. ओसरीवर बसल्यावर कळतं.

नीट सक्तीची झाली आणि गांधीविचाराचा पेपर गेला. गंमत पाहा, पुढच्या काही वर्षांतच मेडिकल कौन्सिलने वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा २७ मॉड्यूलचा ‘एटकॉम’ आणला आणि २०१९च्या बॅचपासून लागू केला. नंतर कुटुंब दत्तक योजनाही देशभर आली. अर्क सेवाग्रामचा, बाटली दिल्लीची!

एटकॉम वाईट नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावरचा देह हा आपला पहिला शिक्षक, असं सांगणारं मॉड्यूल त्यात आहे. दुखणं आहे ते लॉगबुकाचं. अनुभवावर ‘रिफ्लेक्शन’ लिहा, सही घ्या. सहीसाठी लिहायचं मनोगत सीनियरच्या वहीतून उतरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. रीटा शेरॉन यांनी वेगळी वाट काढली. केस पेपरवर जे लिहिता येत नाही, ते विद्यार्थ्यांनी दुसऱ्या कागदावर साध्या भाषेत लिहायचं आणि एकमेकांना वाचून दाखवायचं. आपल्या वॉर्डात करून पाहा. म्हातारी म्हणते, ‘पोरगं पुण्याला गेलं तेव्हापासून घास उतरत नाही.’ केस पेपरवर पडतं, ‘लॉस ऑफ ॲपेटाइट’. पोरगं गळालं. घास गिळताना अडकतो की जेवावंसंच वाटत नाही, हे विचारायचं राहिलं. घरी रांधून घालणारं कोणी आहे का, हेही राहिलं. तपासण्यांची यादी मात्र तयार!

याला हळवेपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा प्रयोग पाहावा. तिथल्या विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन चित्रं बारकाईने पाहायला लावली. मग रुग्णांचे फोटो दाखवले, तेव्हा या विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा जास्त खुणा टिपल्या. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २००१ साली हे प्रसिद्ध झालं. बघणं आणि ऐकणं ही रोगनिदानाचीच हत्यारं आहेत.

मग करायचं काय? कृपा करून या बघण्या-ऐकण्याला मार्क देऊ नका. लगेच क्लास निघतील. सकाळच्या राउंडला सर जे विचारतात, तेच विद्यार्थी तयार करून येतात. क्रिएटिनिन किती, हे सर रोज विचारतात. ‘हिच्या घरी कोण असतं?’ हेही रोज विचारू लागले, तर अख्खं युनिट उत्तर शोधून येईल. त्याला वैद्यकीय आयोगाचं परिपत्रक लागत नाही. युनिटच्या प्रमुखाला ते विचारावंसं वाटलं पाहिजे, आणि खरी अडचण तिथेच आहे.