पोळपाटाला तेल लावताय? आधी हे वाचा

मोसम खोऱ्यातले नामपूर असो वा नाशिक शहर, भाकरीची काथवट आणि पोळपाट-लाटणे घरोघरी असतेच. त्यांच्या जोडीला आता पदार्थ वाढण्याच्या लाकडी पाट्याही आल्या आहेत. घेताना आपण लाकूड बघतो, चकाकी बघतो. पण ती चकाकी कशाची, हे विचारत नाही.

दारे-खिडक्या, फर्निचरसाठीचे व्हार्निश अन्नासाठी बनवलेले नसते. रोजच्या घासण्याने, सुरीने त्याचे पापुद्रे निघतात आणि ते पदार्थात मिसळतात. रंगाचेही तसेच. भारतात घरगुती रंगांतील शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. पण ते रंग भिंतींसाठी असतात, ताटासाठी नव्हेत.

मग स्वयंपाकातले तेल चालेल? शेंगदाण्याचे तेल लाकडात सुकत नाही. छिद्रांत साचून काही दिवसांनी ते खवट होते. जवसाचे तेल मात्र हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते आणि लाकडात पक्के बसते. ते खाण्यायोग्य प्रतीचेच घ्यावे. रंगाच्या दुकानातील ‘बॉइल्ड’ जवस तेलात लवकर सुकण्यासाठी बहुधा कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंची संयुगे घातलेली असतात. खाण्याचे तेल पातळ हाताने लावून, जास्तीचे पुसून, पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. त्यासाठी काही आठवडेही लागतात. पुसलेली फडकी बोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवावीत.

दुसरा सोपा पर्याय म्हणजे औषध दुकानातील निव्वळ लिक्विड पॅराफिन. ते खवट होत नाही; पण सुकतही नाही, म्हणून अधूनमधून पुन्हा लावावे लागते. त्यात मधमाश्यांचे मेण वितळवून मिसळल्यास पाणी जास्त काळ दूर राहते. लाखेचा थर निर्धोक असला, तरी गरम भांड्याने आणि ओलाव्याने पांढरा पडतो.

लाकूड अस्वच्छ असते, हाही पूर्ण खरा समज नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत लाकडी पाटांवर सोडलेले जिवाणू आत शोषले जाऊन पृष्ठभागावर फारसे सापडले नाहीत. सुरीच्या चरे पडलेल्या प्लॅस्टिकवरचे जिवाणू मात्र धुऊनही सहज निघेनात. तरीही कच्च्या मांस-मासळीसाठी वेगळा पाट ठेवावा.

पाट पाण्यात भिजत घालू नये. धुऊन, पुसून, उभा करून वाळवावा. नवा घेताना सुताराला एकच विचारावे : याला लावले काय आहे? उत्तर मिळाले नाही, तर कोराच पाट घ्यावा आणि तेल घरी लावावे.