पाणी कुठे मुरतंय?

मुलांनो, तुमच्या घरी कपडे धुवायचं मशिन आहे का? असेल, तर हे दृश्य तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. कपडे धुऊन झालेले असतात आणि झाकण उघडून बघावं तर आत गढूळ पाणी तसंच डुचमळतंय! बटणं दाबून झाली, मशिन बंद करून पुन्हा चालू करून झालं, पण पाणी काही जाईना. आत असतात तुमचे सोमवारचे गणवेश. आई मेकॅनिकला फोन करते. ते म्हणतात, "परवा येतो." आणि परवापर्यंत त्या ओल्या कपड्यांना जो वास सुटतो, तो काही वेगळा सांगायला नको.

गंमत अशी, की अशा वेळी पुष्कळदा मशिन बिघडलेलं नसतंच! घोडं अडलेलं असतं एखाद्या बटणापाशी, दुमडलेल्या पाइपापाशी, नाहीतर केसांच्या गुंत्यापाशी. ते शोधून काढणं म्हणजे छोटी हेरगिरीच. आज आपण तीच करणार आहोत. मात्र एक अट आहे बरं का! ही हेरगिरी आई, बाबा, आजी, काका अशा कुणातरी मोठ्या माणसाबरोबरच करायची. पाणी आणि वीज एका जागी आहेत, तिथे एकट्याने हात घालायचा नाही.

म्हणून सर्वांत आधी मशिनचा प्लग काढायचा. नुसतं मशिनवरचं बटण बंद करून भागत नाही. भिंतीवरचं बटण बंद करून, कोरड्या हाताने प्लग बाहेर ओढून ठेवायचा. मशिनमध्ये गरम पाण्याने धुणं चालू असेल तर ते पाणी निवेपर्यंत थांबायचं. समोरून उघडणाऱ्या मशिनचं दार आत पाणी असताना उघडत नाही. ते तसंच बनवलेलं असतं, नाहीतर सगळं पाणी एकदम घरभर झालं असतं! तेव्हा दाराशी झटापट नको.

आता आधी हे समजून घेऊ, की एरवी पाणी बाहेर जातं तरी कसं?

आपल्याकडे घरोघरी दोन तऱ्हेची मशिनं दिसतात. एक दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक, एका टबात धुवायचं आणि शेजारच्या ड्रायरमध्ये पिळायचं. यातल्या बऱ्याच मशिनांत पाणी बाहेर फेकायला पंप नसतोच. टबाच्या तळाला एक भोक आणि त्यावर रबराचं बूच. आपण वरची कळ 'ड्रेन'वर फिरवली, की आतली दोरी किंवा पट्टी ते बूच वर उचलते आणि पाणी स्वतःच्या वजनाने खाली वाहून जातं. मोरीतली बादली आडवी केल्यावर जे होतं, तेच!

म्हणजे या मशिनच्या बाबतीत एक नियम आपोआप ठरला. पाणी स्वतःहून चढ चढत नाही. पाइप जर बादलीच्या काठावरून किंवा उंच उंबऱ्यावरून नेला असेल, तर टबातलं पाणी त्या उंचीइतकं खाली येईल आणि थांबेल. पाइप जमिनीवर आडवा टाका, पाणी पुन्हा धावू लागेल. पुष्कळ घरांत 'बिघाड' एवढाच असतो. पाइप खाली आहे, कळ फिरवलेली आहे, तरी पाणी हलत नाही, मग मात्र दोरी तुटली असेल किंवा बूच चिकटलं असेल. त्यासाठी आतलं झाकण उघडावं लागतं. ते काम माहितगार माणसाचं.

याच मशिनच्या ड्रायरची एक खोडी असते. पिळायच्या टोपल्याभोवती अजून एक टब असतो आणि दोघांमध्ये थोडी फट असते. कपड्यांवर ती जाळीची चकती न दाबता ड्रायर फिरवला, की एखादा मोजा किंवा हातरुमाल उडून त्या फटीत जाऊन बसतो. मग पाणी तुंबतं, टोपलं अडकत अडकत फिरतं. घरात एकच मोजा बरेच दिवस सापडत नसेल तर तिथे बघायला हरकत नाही!

दुसरी तऱ्हा समोरून कपडे घालायच्या मशिनची. इथे पाणी बाहेर जायचा पाइप मुद्दामच उंच, साधारण ६० सेंटिमीटर ते १ मीटरवर अडकवलेला असतो. का बरं? तो जमिनीवर सोडला, तर मशिन पाणी भरत असतानाच ते गुपचूप बाहेर निघून जाईल. पाणी भरतंय आणि जातंय, भरतंय आणि जातंय! म्हणून पाइपाला वर चढवायचं आणि पाणी हवं तेव्हाच वर ढकलायला खाली एक पंप बसवायचा. (वरून कपडे घालायच्या पूर्ण ऑटोमॅटिक मशिनांत काहींना पंप असतो, तर काहींत छोटी मोटर बूच ओढते. आपलं कोणतं, ते मशिनबरोबर आलेल्या पुस्तिकेत बघा. ती पुस्तिका सहसा घडीसुद्धा न मोडलेली असते!)

हा पंप मला फार आवडतो. आकाराने मुठीएवढा आणि वीज खातो साधारण ३० वॅट, म्हणजे एखाद्या मोठ्या एल.ई.डी. दिव्याएवढी. पुष्कळ मशिनांत त्याच्या मोटरीत एक लोहचुंबक असतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, तिच्या तालावर ते चुंबक सेकंदाला ५० फेऱ्या मारतं. मिनिटाच्या किती झाल्या? करा गुणाकार! आणि अजून एक मजा. ही साधी मोटर चालू होताना कधी उजवीकडे फिरते, तर कधी डावीकडे. मग पाणी उलटं नाही का जाणार? नाही! कारण तिच्या पंख्याची पाती वाकडी नसतात, सरळ असतात. कसाही फिरला तरी तो पाणी बाहेरच्या अंगालाच भिरकावतो.

एवढ्याशा पंख्यात जर पिन अडकली तर तो फिरणार कसा? म्हणून त्याच्या आधी एक गाळणी असते. तोच फिल्टर. आणि आपलं घोडं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं.

शाळेत मी रोज मुलांचे खिसे बघते. चिंचोके, शार्पनर, गोट्या, रबर, चॉकलेटचे कागद, रुपयाचं नाणं, केसांच्या पिना, एकदा तर जिवंत गोगलगायसुद्धा निघाली! हे सगळं खिशातून ड्रममध्ये, ड्रमच्या भोकांतून आणि रबराच्या कडेने खाली आणि तिथून फिल्टरमध्ये येतं. आधी नाणं अडकतं, नाण्याला दोरे, दोऱ्यांना केस, केसांना साबणाचा चिकटा. महिन्याभरात बूच तयार!

पण फिल्टरला हात लावण्याआधी सोप्या गोष्टी बघून घ्या. मशिन भिंतीला टेकवताना मागचा पाइप चेपला गेलाय का? दिवाळीच्या साफसफाईनंतर हे हटकून होतं. पाइपाचं तोंड मोरीतल्या गाळात बुडालंय का? पावडर जास्त पडून आत फेसच फेस झालाय का? फेस म्हणजे निम्म्याहून जास्त हवा. पंपाला पाणी ढकलता येतं, हवा नाही. फेस बसेपर्यंत वाट पाहायची आणि पुढच्या वेळी पावडर कमी टाकायची.

प्लग काढण्याआधी मशिनने काही आवाज केला होता का, हेही आठवा. पाणी काढायच्या वेळी नुसतं 'घुंऽऽ' आणि पाणी नाही, तर काहीतरी अडकलंय. अजिबात आवाजच नाही, तर पंप किंवा त्याची तार गेली असेल. काही मशिनं तर सरळ लिहूनच सांगतात. एल.जी.च्या मशिनवर 'ओ' आणि 'ई' ही अक्षरं आली, किंवा सॅमसंगच्या बऱ्याच मशिनांवर ५ आणि 'सी' किंवा ५ आणि 'ई' दिसलं, की समजायचं, पाणी बाहेर जात नाहीये.

आता खरं काम. आत किती पाणी असेल? धरा १० ते १५ लिटर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे १५ किलोचा ऐवज! मशिन कलतं करून ओतू म्हणाल तर मुळीच नको. त्याच्या आत हलू नये म्हणून वजनं बसवलेली असतात, ते अंगावर आलं तर भारी पडेल. त्यापेक्षा युक्ती वापरू. उंच अडकवलेला तो पाइप खाली काढा आणि मोरीत जमिनीलगत धरा. काय होईल? वर वाचलंत ना, ज्या कारणासाठी तो उंच ठेवला होता, तेच आता आपल्या उपयोगी पडेल! वाट पूर्ण बंद नसेल तर बरंचसं पाणी आपण होऊन वाहून जाईल. ते बादलीत धरलं तर संडास-मोरी धुवायला होतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांत ते कुणाला सांगायला लागत नाही.

मग मशिनच्या पुढच्या बाजूला, खाली कोपऱ्यात एक छोटं दार असतं, ते उघडा. आत गोल झाकण दिसेल. काही मशिनांत शेजारी बारीक रबरी नळी असते. तिचं बूच काढून उरलेलं पाणी आधी त्यातून जाऊ द्या. खाली पसरट ताट किंवा परात ठेवा, भोवती जुने टॉवेल. झाकण घड्याळाच्या उलट दिशेने अगदी हळू फिरवा. पाणी येऊ लागलं की थांबा, परात भरली की झाकण आवळा, परात रिकामी करा, पुन्हा सैल करा. कंटाळवाणं आहे, पण एकदम झाकण काढलंत तर जमीन पुसण्यात संध्याकाळ जाईल.

पाणी संपलं की फिल्टर बाहेर ओढा. यानंतर जे काही निघतं त्याला घरातले सगळेजण नाक धरून बघायला येतात! नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासा. फिल्टरच्या खोबणीत विजेरीने डोकावा. आत तो सरळ पात्यांचा पंखा दिसेल. मोठ्या माणसाने बोटाने किंवा पेन्सिलीने तो हलकेच फिरवून बघावा. काही पंखे अडखळत, झटके देत फिरतात. घाबरू नका, तो चुंबकाचा खेळ आहे. मात्र तो अजिबातच हलत नसेल तर पात्याला दोरा गुंडाळलाय का बघा आणि चिमट्याने काढा. तिथे फुटलेल्या बटणाची धार किंवा टाचणी असू शकते, म्हणून लहानांनी तिथे बोट घालायचं नाही. विजेरी धरायचं काम तुमचं.

पंखा मोकळा आहे, फिल्टर स्वच्छ आहे, पाइप सरळ आहे आणि तरीही पाणी जात नाही? मग आता मेकॅनिककाकांना बोलवायचंच. पण त्यांना "मशिन बंद पडलंय" असं नाही सांगायचं. "फिल्टर साफ केलाय, पंखा मोकळा आहे, पंपाचा आवाज येत नाही," असं सांगा. ते येतानाच नवा पंप घेऊन येतील आणि एक फेरी वाचेल. मशिन वॉरंटीत असेल तर त्याचे स्क्रू तुम्ही खोलू नका.

आणि सगळं सुरळीत झालं असेल तर? फिल्टर परत बसवून झाकण घट्ट आवळा, पाइप पुन्हा उंच अडकवा, हात पुसून प्लग लावा. कपडे न घालता एकदा 'रिन्स' लावून मशिनसमोर बसा. पाणी भरताना झाकणाखाली थेंब येतो का, ते नीट बघा. आला, तर मशिन थांबवा, पाणी काढा, प्लग काढा. झाकणाच्या रबरी कडीवर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिलेला असतो. ती पुसून झाकण पुन्हा बसवा.